अण्णाकाकांची चांदी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अण्णाकाकांचा लॉकर ज्या बँकेत होता ती तळमजल्यावर. पंधरा-वीस दिवसांनी तिथून फोन आला, येऊन लॉकर रिकामा करून घ्या. बाबा आणि काका सकाळच्या एसटीने गेले आणि तिन्हीसांजेला सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी जड घेऊन परतले.

त्या संध्याकाळी गुहागरजवळच्या आमच्या घरी, पडवीत, मी पहिल्यांदा ती नाणी पाहिली. काका घमेल्यात विहिरीचं पाणी घेऊन एकेक नाणं त्यात सोडत होते. राखाडी गाळ तळाशी बसला की पाणी बदलायचं, पुन्हा तेच. धुतलेली नाणी आत्याने सुपात पसरली. बाहेर पाऊस पडतच होता, त्यामुळे रात्री सूप चुलीपासून थोडं लांब ठेवलं. काका जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम होते आणि बंदरा-बंदरांतून "थोडी चांदी" आणतात, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. किती, कसली, कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बँकेने पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती असं सांगून हात वर केले. काकांनी लॉकर सोडून दिला. वाळलेली नाणी त्यांनी त्याच जुन्या, मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत परत घातली आणि माजघरातल्या लोखंडी पेटीत ठेवली. त्या पाकिटांनी पुढे किती त्रास दिला ते सांगेनच.

डिसेंबर २०२३ मध्ये काका गेले. लग्न केलेलं नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. मोठी आत्या आणि बाबा गावात, धाकटी आत्या पुण्याला. मधली आत्या काकांच्या आधीच गेली, तिची मुलगी रत्नागिरीत आणि मुलगा अमेरिकेत. जानेवारीत सगळे पुन्हा जमले तेव्हा पेटी उघडायची ठरली.

इथे एक गोष्ट आमच्या हातून बरोबर झाली. पेटी उघडायच्या आधी धाकटी आत्या म्हणाली, "कुणी भाव काढायचा नाही हं आज. आज नुसतं मोजायचं." दोन दिवस आम्ही नुसतं मोजलं. प्रत्येक नाण्याला क्रमांक दिला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा मी ऑनलाइन सातशे रुपयांना आधीच मागवला होता, त्यावर प्रत्येक नाण्याचं वजन घेतलं. वहीच्या प्रत्येक पानाखाली बाबांची आणि दोन्ही आत्यांची सही. अमेरिकेतला भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. पुढच्या दीड वर्षात वकील, सराफ, सीए, सगळ्यांनी आधी ती वहीच मागितली. घरात एकदाही "अजून चार होती वाटतं" असा शब्द निघाला नाही, तोही तिच्यामुळेच.

पेटीत दोन प्रकारची नाणी निघाली. एका कापडी बटव्यात आजीचे ६२ जुने रुपये. पाकिटांत काकांची ८४ नाणी, बहुतेक एक-एक औंसाची: ४१ अमेरिकन ईगल, २२ कॅनडाची मेपल लीफ, ९ ऑस्ट्रेलियाची कूकाबुरा, ७ मेक्सिकोची लिबर्ताद आणि ५ ब्रिटनची ब्रिटानिया. ही सगळी बुलियन नाणी. म्हणजे त्या त्या देशाच्या सरकारी टांकसाळीने चांदी साठवणाऱ्यांसाठी काढलेली, बाजारात खर्च करायला नव्हे. पेटीच्या तळाशी खाकी पाकिटात खरेदीच्या पावत्या होत्या, काहींवर शाई उडालेली, आणि काही कस्टम्सचे कागद. सोबत त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, त्याचे शिक्के त्यात असतात. पावतीवरची तारीख पुसट असली की आम्ही सीडीसी उघडून बघायचो. त्या वर्षी काका कुठे होते ते कळायचं आणि पावती कुठली ते जुळायचं. बाबा एका शिक्क्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. त्या वर्षी आजी गेली होती, आणि काका समुद्रावर होते.

वजन करताना एक कोडं पडलं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. ईगल बरोबर तेवढं भरत होतं, मेपलही. ब्रिटानिया मात्र ३२.४५. आम्हाला वाटलं काटा बिघडला. नंतर समजलं की १९९७ ते २०१२ च्या ब्रिटानिया ९५८ शुद्धतेच्या आहेत. शुद्ध चांदी एक औंसच, पण थोडं तांबं मिसळलेलं म्हणून एकूण वजन जास्त. २०१३ पासूनच्या ९९९ च्या. हे माहीत नसेल तर सराफाकडे एक तर आपण तरी गोंधळतो, नाही तर तो तरी.

आजीच्या रुपयांनी आम्हाला आणखी एक आठवडा गुंतवलं. लहानपणी "दोन रुपयेभार" हा शब्द आत्याच्या तोंडून ऐकला होता, तो इथला. राणीछाप, राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया "क्वीन" आहे, १८७७ पासून "एम्प्रेस". पण सगळे जुने रुपये सारखे नसतात. १९४० पासून सरकारने चांदी निम्मी केली, ५० टक्के. दिसायला तसाच, वजनाला तसाच. आमच्या ६२ पैकी ११ असे निघाले. वर्ष वाचता येत नसेल तर कड बघावी, निम्म्या चांदीच्या बहुतेक रुपयांच्या दातेरी कडेत मधोमध खाच असते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया मात्र आम्ही अगदी भिंग घेऊन शोधला. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले. म्हणून तो दुर्मीळ. आमच्यात एकही नव्हता. सगळे नेहमीच्या वर्षांचे. तरी आत्याने प्रत्येक नाणं दगडी पायरीवर वाजवून बघितलं, आजी तसंच करायची म्हणून.

मग कागदपत्रं. आमच्या वकिलांनी पहिल्या भेटीत समजावलेली गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लोक ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. पेटीतल्या वस्तूंसाठी ते लागू नाही. आपल्याकडे १८२७ चा मुंबई विनियम आठ अजून चालतो, त्याखाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला मिळतो, आणि तो सगळ्या मालमत्तेला चालतो. खरं तर घरातली नाणी विकायला कुणी न्यायालयाचा दाखला मागतोच असं नाही. पण काकांच्या एका खात्याला नॉमिनी नव्हता, त्यासाठी दाखला घ्यावाच लागणार होता, तेव्हा त्याच अर्जात नाण्यांची यादीही जोडली.

कायद्याने वारस कोण, ते ऐकून घरात शांतता पसरली. काकांना बायको-मुलं नाहीत, आई-वडील नाहीत. अशा वेळी भाऊ आणि बहिणी एका पायरीवर येतात आणि आधी गेलेल्या बहिणीची मुलं त्यांच्या खालच्या पायरीवर. म्हणजे मधल्या आत्याच्या दोन्ही मुलांना कायद्याने काहीच नाही. मोठी आत्या म्हणाली, "कागदावर नसेल हो, पण अण्णा तिच्या मुलांना सोडून जेवला असता का कधी?" तिथल्या तिथे ठरलं की पैसे आले की चार भाग करायचे. ते कायद्यात कसं बसवायचं ते नंतर बघू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला. अडकला कुठे? नावात. मृत्यूच्या दाखल्यावर काकांचं नाव एका क्रमाने, सीडीसीवर आडनाव आधी, आधार कार्डावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. ग्रामपंचायतीतून दाखला दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे गेले, वर "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तुमच्या घरात कुणी जहाजावर असेल तर त्यांच्या हयातीतच ही नावं एकसारखी करून घ्या. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी मुदत, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दोन तारखा पुढे ढकलल्या. दाखला हातात आला जुलैच्या शेवटी. वकिलांची फी १८ हजार, नोटिशीचे २,८०० आणि किरकोळ खर्च वेगळा.

तोवर पावसाळा आला होता. कोकणातल्या पावसाळ्यात चांदी घरात ठेवणं म्हणजे काय ते आम्ही त्या जूनमध्ये शिकलो. पाकिटं उघडली तर बऱ्याच नाण्यांवर हिरवट, चिकट थर. आम्हाला वाटलं पुराचा गाळ राहिला. तसं नव्हतं. ती मऊ पाकिटं पीव्हीसीची. त्यातलं प्लास्टिक दमट हवेत विरघळल्यासारखं होतं आणि नाण्यावर चिकटतं, आणि धातूही खातं.

बाबांनी चांगल्या मनाने तीन ईगल टूथपेस्ट आणि रांगोळीने घासली. लखलखीत झाली. त्यातली विकायला नेली ती पुढे मुंबईतल्या नाणेसंग्राहकाने भिंगाखाली धरताच बाजूला सारली, बारीक चरे उठले होते. चिंच, रिठे, राख, टूथपेस्ट हे समईला आणि ताटाला ठीक. नाण्याला नको.

आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या काकांनी उपाय सांगितला: शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचं मिश्रण नव्हे, रसायनांच्या दुकानात मिळतं ते. काचेच्या वाडग्यात नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं, खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नाही. मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यातून काढायचं आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपायचं. घासायचं नाही. हिरवा चिकटपणा जातो. काळपटपणा जात नाही, तो चांदी आणि हवेतलं गंधक यांचा आहे आणि तो तसाच ठेवायचा. मेपलवर पांढुरके, दुधाचे थेंब सुकल्यासारखे डाग होते. खाऱ्या वाऱ्याने झाले म्हणून आत्या हळहळली. ते खाऱ्या वाऱ्याचे नव्हतेच. मेपल लीफवर असे डाग येतात हे जगभर माहीत आहे. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ पासून त्यावर वेगळी प्रक्रिया सुरू केली ती त्यासाठीच.

नंतर ठेवण्याची पद्धत बदलली. प्रत्येक नाण्याला कडक पारदर्शक डबी, ईगलला ४०.६ मिलिमीटर व्यासाची, मेपलला ३८ ची. मोठी घेतली तर नाणं आत हलतं. डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर दोन महिन्यांनी तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात. वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँड अजिबात नको. रबरात गंधक असतं, आजीच्या बटव्यातल्या दोन रुपयांवर रबरबँडचा काळा पट्टा कायमचा बसला आहे.

लॉकर पुन्हा चिपळूणलाच घेतला, पण बाजारपेठेत नाही, वरच्या अंगाला आणि पहिल्या मजल्यावर. यादीत नंबर यायला पाच आठवडे लागले. भाडं वर्षाला २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडावा लागला तर त्याचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव बँक मागू शकते. या वेळी मी करारनामा अक्षरन् अक्षर वाचला. जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आहेत. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदार. पूर, भूकंप, वीज यात नाही. म्हणून कोकणात लॉकर घेताना आधी मजला विचारा, भाडं मागाहून. लॉकर बाबा आणि मोठी आत्या यांच्या नावाने घेतला आणि नॉमिनीचा अर्ज त्याच दिवशी भरून पोच घेतली.

विकायचं का, यावर खूप बोलणं झालं. मोठ्या आत्याच्या घराचं छप्पर २०२० च्या निसर्ग वादळानंतर नीट झालंच नव्हतं. तिला पैशांची खरी गरज होती, आणि ती मागणारी नव्हती. म्हणून ठरलं, आजीचे रुपये विकायचे नाहीत, काकांच्या ८४ पैकी सात ठेवायची, प्रत्येक घरी एक. बाकी ७७ विकायची.

२३ जुलैच्या अर्थसंकल्पात चांदीवरची आयात शुल्क आकारणी १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली आणि भाव दोन-तीन दिवसांत किलोमागे काही हजारांनी उतरला. घरात धाकधूक. आपण उशीर केला का? पण दाखलाच हातात नव्हता, तेव्हा विकणं आमच्या हातात नव्हतंच. त्याच दिवसापासून कराचा नियमही बदलला, त्याबद्दल पुढे.

सप्टेंबरमध्ये जवळच्या एका सराफाला फोन केला. त्यांनी फोनवरच हिशेब मांडला, "औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, त्यात घट पंधरा टक्के." अठ्ठावीस ग्रॅमचा औंस किराण्याचा. चांदी-सोन्याचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. ७७ नाण्यांत हा फरक दोनशे ग्रॅमच्या वर जातो. मी वहीतलं वजन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, घेऊन या, मग बघू. आम्ही गेलो नाही. वाईट हेतू असेलच असं म्हणत नाही, ही नाणी आपल्याकडच्या काट्यावर रोज येत नाहीत. पण आपल्या मालाचं वजन आपल्याला ग्रॅममध्ये पाठ हवं.

ऑक्टोबरमध्ये मुंबईला जायचं ठरवलं तोच १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. नाक्यानाक्यावर भरारी पथकं, रोख आणि दागिने तपासत होती. आमच्याकडे कागद होते, पण दोन-अडीच किलो चांदी अडकून पडली तर सोडवायला महिने गेले असते. निकालानंतरच जायचं ठरलं.

ती दिवाळी त्यामुळे नाण्यांसोबत गेली. लक्ष्मीपूजनाला आजीचे ६२ रुपये आणि काकांची ८४ नाणी एकत्र ताटात ठेवली. सगळी एकत्र अशी शेवटचीच. अमेरिकेतला भाऊ आला होता. त्याला त्याच्या आजीचा एक रुपया हवा होता, व्हिक्टोरियाचा, बटव्यातला सगळ्यात झिजलेला. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरातन वस्तू ठरतं, १९७२ च्या कायद्याखाली ते सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तो बराच वेळ तो रुपया तळहातावर फिरवत बसला. शेवटी १९४४ चा घेतला, निम्म्या चांदीचा. राणीछाप त्याच्या बहिणीकडे राहिला, त्याच्या नावाची चिठ्ठी डबीत घालून.

नोव्हेंबरमध्ये संमतीपत्र केलं. तोवर शंभराचा स्टँप चालेनासा झाला होता, ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात किमान पाचशेचा. कोणती ७७ नाणी विकायची त्यांचे क्रमांक, तिघांचे समान हिस्से, पैसे तिघांच्या खात्यांत वेगवेगळे जमा व्हावेत, असं सगळं त्यात लिहिलं आणि नोटरी केलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि धाकटा भाऊ रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने दादरला निघालो. नाणी दोन पाठपिशव्यांत निम्मी-निम्मी, वर कपडे, डबा. संमतीपत्र, वारस दाखला, यादी आणि पावत्यांच्या प्रती दोघांकडेही. एकाने झोपायचं, एकाने जागायचं असं ठरवलं होतं. झोप दोघांनाही लागली नाही.

आधीच फोनवर बोलून तीन ठिकाणी वेळ घेतली होती. पहिला एक नाणेसंग्राहक. त्याने स्पष्ट सांगितलं की ही नाणी मोठ्या संख्येने निघालेली, वर्षंही नेहमीची, त्यात डाग, संग्रहाची वेगळी किंमत नाही. मला वाईट वाटलं, पण त्याचं बोलणं सरळ होतं. मग झवेरी बाजारात दोन बुलियन व्यापारी. पहिल्याने शुद्ध चांदीच्या भावाच्या ९२ टक्के सांगितले. दुसऱ्याने ९७.

दुसऱ्याकडची पद्धत आवडली म्हणून सविस्तर सांगते. काचेच्या काउंटरवर काटा आमच्याकडे तोंड करून ठेवला. वजन, व्यास, जाडी, मग लोहचुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही, तिरक्या चुंबकावरून नाणं सावकाश घसरतं, धडपडत नाही. मग एक्सआरएफ यंत्रावर टंच, म्हणजे शुद्धता. नाणं वितळवावं लागत नाही, अर्ध्या मिनिटात पडद्यावर टक्के येतात. ईगल ९९.९. ब्रिटानिया आली ९५.८. तो माणूस थांबला, काट्यावर ३२.४५ बघितलं आणि स्वतःच हसून म्हणाला, "वजनात भरून काढलंय." ७७ नाण्यांना तीन तास लागले. आम्ही वहीत टिकमार्क करत होतो, तो त्याच्या संगणकावर. दोन्ही याद्या शेवटी जुळल्या.

त्या दिवशीचा भाव किलोला ९५ हजारांच्या आसपास होता. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा दिवसाचा दर आम्ही फोनवर बघूनच गेलो होतो. शुद्ध चांदी २,३९५ ग्रॅम, तिचे ९७ टक्के दराने सुमारे २ लाख २० हजार. तीन वेगळी खरेदीपत्रं, तीन वेगळे पॅन. एकाच नावावर पैसे घ्या, सोपं पडेल, असं त्याने सुचवलं होतं. आम्ही नको म्हटलं आणि संमतीपत्र दाखवलं. संध्याकाळच्या आत प्रत्येकाच्या खात्यात साडेत्र्याहत्तर हजारांच्या थोडं वर जमा झाले. जीएसटी आम्हाला भरावा लागला नाही. घरातली चांदी विकणारी साधी व्यक्ती म्हणजे व्यापार नव्हे. बदल्यात नवी वस्तू घेतली असती तर तिच्यावर ३ टक्के लागले असते. प्रवास, टॅक्सी, जेवण मिळून ३,४०० खर्च झाला.

मोठ्या आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सगळी गेली?" मी म्हटलं, सात आहेत. "बरं," म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

राहिला कर. वारशाने वस्तू मिळाली यावर आपल्याकडे कर नाही, मृत्यूनंतरचा इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेला. विकल्यावर मात्र भांडवली नफा. मोठ्या आत्याने सीएंना विचारलं, आम्ही ही नाणी पूजेत ठेवायचो, मग ती घरगुती वस्तू नाही का? त्यांनी सांगितलं, हाच मुद्दा एका संस्थानिकांनी सर्वोच्च न्यायालयात मांडला होता. लक्ष्मीपूजनात ठेवली म्हणून सोन्या-चांदीची नाणी वैयक्तिक वापराची वस्तू ठरत नाहीत, असा निकाल १९७६ मध्ये लागला.

हिशेब असा असतो. खरेदीची किंमत काकांची धरायची, काळही काकांच्या खरेदीपासून. १ एप्रिल २००१ च्या आधीच्या नाण्यांना त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. तेव्हा चांदी किलोला सात-साडेसात हजार होती, म्हणजे एक नाणं सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नंतरच्या नाण्यांना पावतीचा आकडा. खाकी पाकीट आणि सीडीसी इथे उपयोगी पडलं. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दर १२.५ टक्के आणि त्यावर सेस, महागाईच्या निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून धरता येत नाही. बाबांना पेन्शन आहे, त्यांना आठ हजार चारशेच्या आसपास कर आला. मोठ्या आत्याला दुसरं उत्पन्न जवळजवळ नाही, करमाफीची मूळ मर्यादा शिल्लक होती ती या नफ्याला वापरता आली, तिला शून्य. विवरणपत्र मात्र तिचंही भरलं.

चार भागांचंही याच वेळी झालं. तिघांनी आपापल्या हिश्श्यातून भाचा-भाचीच्या खात्यात रक्कम बक्षीस म्हणून पाठवली. मामा आणि मावशी कायद्याच्या "नातेवाईक" व्याख्येत येतात, म्हणून घेणाऱ्याला त्यावर कर नाही. साध्या कागदावर बक्षीसपत्र करून ठेवलं.

२०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत वाढून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेली होती. तेव्हा चांदी किलोला सव्वा लाखाच्या पुढे गेली होती. धाकट्या आत्याने विचारलंही, थांबलो असतो तर? मोठ्या आत्याचं छप्पर एप्रिल-मेमध्ये झालं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तिने बाबांना फोन करून सांगितलं, माजघरात पातेली मांडावी लागली नाहीत.

तिच्या विवरणपत्राची पोच मी छापून तिला नेऊन दिली. तिने ती घडी घालून काकांच्या खाकी पाकिटात, पावत्यांच्या मागे ठेवली. माझ्या वाट्याचं नाणं मी मागून घेतलं होतं, यादीतलं क्रमांक १७. टूथपेस्टने घासलेल्या तीन ईगलपैकी एक.